एका 'एच'चा फरक

घरी मॉड्युलर सिंथेसायझर बनवणाऱ्या हौशी लोकांना हमखास छळणारा प्रश्न म्हणजे, चिपचा नंबर तोच, पायांची मांडणी तीच, मग वाद्य गप्प का? उत्तर इतिहासात सापडतं.

१९६० च्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ७४०० ही लॉजिक चिपांची मालिका आणली. ती टीटीएल पद्धतीची, ५ व्होल्टवर चालणारी. १९६८ मध्ये आरसीए कंपनीने सीमॉसची ४००० मालिका काढली. ही वीज फार कमी खाते आणि ३ पासून १५ व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेते. वाद्यवाल्यांना हीच आवडली, कारण त्यांच्याकडे १२ किंवा १५ व्होल्टचा पुरवठा असतोच. त्यातल्या ४०१०६ मध्ये सहा इन्व्हर्टर. एकेकाला एक रेझिस्टर नि एक कपॅसिटर लावला की सूर निघतो. एका चिपमध्ये सहा सूर!

पुढे नॅशनल सेमीकंडक्टरने ७४सी मालिका काढली. आत सीमॉस, पायांची मांडणी मात्र ७४०० ची. त्यातली ७४सी१४ म्हणजे ४०१०६ ची सख्खी बहीणच. मग १९८० च्या दशकात वेगवान ७४एचसी मालिका आली. वेगासाठी आतली रचना बारीक केली, आणि बारीक रचनेला जास्त व्होल्ट सोसत नाहीत. ७४एचसी१४ ची मर्यादा ६ व्होल्ट. जुन्या सर्किटमध्ये ७४सी१४ लिहिलेलं असतं, हातात येते ७४एचसी१४. १२ व्होल्ट दिले की तापते आणि संपते. (आयुष्यभर पोरांना 'दिन' आणि 'दीन' समजावले, त्यामुळे मला हे फार जवळचं वाटलं.)

दुसरा घोटाळा छुपा, कारण त्यात काही जळत नाही. टीटीएल चिपने 'एक' सांगताना २.४ व्होल्ट दिले तरी तिचं कर्तव्य संपलं. ५ व्होल्टवरच्या सीमॉसला मात्र साडेतीन तरी लागतात. त्यामुळे कधी ऐकू येतं, कधी नाही, आणि ताल अडखळतो. तिथे रेझिस्टर लावून पातळी ५ व्होल्टकडे ओढायची, नाहीतर ७४एचसीटी वापरायची. ती टीटीएलचं ऐकण्यासाठीच बनवली आहे.

आणि मोकळे पाय! टीटीएलचा मोकळा इनपुट आपसूक 'एक' धरला जातो. सीमॉसचा मात्र वाऱ्यावर असतो, नुसता हात जवळ नेला तरी आवाज बदलतो. माणूस आठवडाभर सोल्डरिंग तपासत बसतो. आमचा नातू म्हणतो, त्याला तो हाताने बदलणारा आवाजच जास्त आवडतो. त्याने तो पाय तसाच मोकळा ठेवलाय.