जंगलातलं दगडी कासव: दिसतं म्हणून आहे का?

अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू इंग्लंडच्या जंगलांत फिरताना दगडांचे ढीग आणि लांब दगडी रांगा भेटतात. एखाद्या ढिगातून पुढे आलेला दगड कासवाच्या डोक्यासारखा वाटतो, एखादी रांग सापासारखी वळत जाते. मूळ रहिवाशांनी घडवलेले प्राणी असतील का हे? फोटो बघताना मलाही कासव आधी दिसलं, दगड नंतर. मित्रांनो, संशोधकाने सावध व्हायची जागा हीच!

पहिला प्रश्न असा विचारा: हे जंगल आधीपासून जंगलच होतं का? तर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथली बरीच जमीन झाडं तोडून शेती आणि कुरणांखाली आली होती. पुढे शेती सुटली, झाडं परत वाढली. हिमनद्यांनी ही जमीन दगडगोट्यांनी भरून ठेवलेली, त्यामुळे शेत करायचं तर दगड वेचणं आलंच. आपल्याकडे वेचलेले दगड बांधावर टाकतात, तसंच. ऱ्होड आयलंडमधले पुरातत्त्वज्ञ टिमोथी आयव्हज यांनी 2021 च्या पुस्तकात हीच बाजू मांडली आहे.

मग विषय संपला? थांबा. मॅसॅच्युसेट्समधल्या टर्नर्स फॉल्स इथे विमानतळाच्या धावपट्टीच्या कामात अशीच एक दगडरचना आली. नॅरगॅन्सेट आणि इतर जमातींनी ती आपली पवित्र जागा असल्याचं सांगितलं. राज्य पातळीवर मत वेगळं होतं, तरी 2008 मध्ये ती जागा ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदणीसाठी पात्र ठरली.

आणि दगडांत प्राणी घडवले जात होते, हे तर पक्कं आहे. जॉर्जिया राज्यातला 'रॉक ईगल' बघा. पांढरट गारगोटीच्या हजारो दगडांचा, पंख पसरलेला पक्षी. चार्ल्स जोन्स यांनी एकोणिसाव्या शतकात मोजमापं घेतली: डोक्यापासून शेपटीपर्यंत 102 फूट, पंखांचा विस्तार 120 फूट. इथे आकार ओळखायला कल्पनाशक्ती ताणावी लागत नाही. तरीही तो गरुड की गिधाड, यावर वाद आहेच.

शंका घेण्यालाही इतिहास असतो, हे विसरू नका. मातीचे प्राचीन टेकाड कुणा 'लुप्त वंशाने' बांधले, असं एकोणिसाव्या शतकात अनेक गोरे लेखक छातीठोकपणे सांगत. सायरस थॉमस यांच्या 1894 च्या अहवालाने ते खोडून काढलं. तोवर त्या समजुतीने मूळ रहिवाशांची जमीन बळकावणाऱ्यांची चांगलीच सोय केली होती.

म्हणजे चूक दोन्हीकडून महाग पडते. घाईने 'हो' म्हणालात तर एखाद्या शेतकऱ्याचे कष्ट पुसले जातात. घाईने 'नाही' म्हणालात तर एखाद्या समाजाची पवित्र जागा बुलडोझरखाली जाते.

तेव्हा प्रस्ताव लिहिताना तीन गोष्टी करा. जमिनीच्या जुन्या नोंदी आणि नकाशे काढा. दगडाखालच्या मातीचं वय काढता येईल का, ते तपासा. आणि ज्यांचे पूर्वज तिथे राहत होते त्यांना विचारा, तेही काम सुरू होण्याआधी. कासव त्यानंतर बघू.