सायकलीचा वेग : यंत्राचा वाटा आणि स्वाराचा वाटा

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वप्रथम चढून जाणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब दिला जातो. किताब स्वाराचा असतो. त्याच्या सायकलीचा उल्लेख वर्तमानपत्रांतील निकालांत सहसा आढळत नाही. तेव्हा वेगाचे श्रेय नेमके कोणाचे, हा प्रश्न क्रीडा-इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

सदर प्रश्नाची उत्तम कसोटी ‘एका तासाच्या विक्रमा’त सापडते. यात स्वार वर्तुळाकार धावपट्टीवर एकटाच तासभर सायकल चालवतो. 1972 मध्ये बेल्जियमच्या एडी मर्क्स याने मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत 49.431 किलोमीटर अंतर कापले. 1996 मध्ये ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमन याने मँचेस्टर येथे, हात पुढे ताणून बसण्याची सोय असलेल्या नव्या घडणीच्या सायकलीवर 56.375 किलोमीटरची मजल मारली. पुढे 2000 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने या विक्रमासाठी मर्क्सच्या काळातील धाटणीची सायकल बंधनकारक केली. त्याच वर्षी बोर्डमनने पुन्हा मँचेस्टर येथेच प्रयत्न केला. अंतर भरले 49.441 किलोमीटर, म्हणजे मर्क्सपेक्षा अवघे 10 मीटर अधिक!

स्वार तोच, गाव तेच. तरीही फरक सुमारे 12 टक्क्यांचा. अर्थात मधल्या चार वर्षांत स्वाराचे वयही वाढले होते, त्यामुळे संपूर्ण फरक यंत्राच्या खात्यावर मांडणे योग्य नव्हे. शिवाय सपाटीवर हवेचा बहुतांश अडथळा स्वाराच्या शरीराचाच असतो. नव्या सायकलीने वेग वाढवला तो मुख्यतः माणसाची बैठक बदलून.

बोरघाटात मात्र हिशेब बदलतो. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत सुमारे 500 मीटर उंची गाठताना वेग मंदावतो, हवा गौण ठरते आणि वजन निर्णायक होते. 65 किलोच्या स्वाराने 8 किलोची शर्यतीची सायकल सोडून दूधवाल्याची 20 किलोची लोखंडी सायकल घेतली, तर एकूण भार सुमारे 16 टक्क्यांनी वाढतो. अर्ध्या तासाच्या चढणीला तितक्याच ताकदीने जवळपास पाच मिनिटे अधिक लागतील. याउलट, वजनाच्या प्रमाणात दुप्पट ताकद असलेला कसलेला स्वार तोच घाट जवळपास निम्म्या वेळात चढेल.

स्वार श्रेष्ठ, हे यावरून दिसते. परंतु तुल्यबळ स्वारांच्या शर्यतीत पाच मिनिटे म्हणजे पराभवच. ज्याला हलकी सायकल परवडली नाही, त्याचा हा पराभव निकालपत्रकात स्वाराचा म्हणूनच नोंदला जातो.