पहाटेचे चार चाळीस

ब्रिटनचं युरोपीय संघातलं ४३ वर्षांचं सदस्यत्व एका रात्रीत मोडलं, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. रात्र फक्त मोजणीची होती. तडा कितीतरी आधी गेला होता, आणि तो दिसत असूनही बघायची कुणाची तयारी नव्हती.

२००६ मध्ये डेव्हिड कॅमेरन यांनी युकिप या युरोपविरोधी पक्षाच्या लोकांना वेडगळ आणि छुपे वंशवादी ठरवून विषय संपवला. जानेवारी २०१३ मध्ये त्याच कॅमेरन यांना, पंतप्रधान असताना, सार्वमताचं वचन द्यावं लागलं. स्वतःच्या पक्षातली धुसफूस वाढत होती आणि मतं युकिपकडे सरकत होती. मे २०१४ मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीत युकिप २४ जागा घेऊन देशात पहिला आला. त्याच निवडणुकीत फ्रान्समध्ये मरीन ल पेन यांचा नॅशनल फ्रंट पहिला आला, डेन्मार्कमध्ये डॅनिश पीपल्स पार्टी. फ्रान्सचे पंतप्रधान मॅन्युएल वाल्स यांनी त्याला भूकंप म्हटलं. लोक दचकले, अग्रलेख लिहून झाले, चर्चा विरली.

वर्षभराने ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत युकिपला ३८ लाखांहून जास्त मतं पडली आणि खासदार आला एक. एवढ्या माणसांच्या वाट्याला संसदेत एक खुर्ची. सार्वमतात मात्र मतदारसंघच नव्हते. प्रत्येक मत थेट बेरजेत जाणार होतं. ईशान्य इंग्लंडमधल्या संडरलँडच्या माणसाला हे नीट कळलं होतं. वेस्टमिन्स्टरमधल्या राजकारण्यांना कळलं नाही.

गुरुवार, २३ जून २०१६, सकाळी ७. उरले २१ तास ४० मिनिटं

मतदान सुरू झालं. ४ कोटी ६५ लाख मतदार, प्रश्न एकच, चौकोन दोन: संघात राहायचं (‘रिमेन’) की बाहेर पडायचं (‘लीव्ह’).

ब्रिटनमध्ये मतपत्रिकेवर फुली मारायला मतदान कक्षात पेन्सिल ठेवलेली असते, दोरीने बांधलेली. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिनेच फुली मारत आलेत. त्या दिवशी मात्र ‘लीव्ह’वाले एकमेकांना सांगत होते, घरून पेन घेऊन जा, पेन्सिलीची फुली खोडून टाकतील. तशी खाडाखोड कुणी करणार नव्हतं. पण आपलं मत रात्रीतून पुसलं जाईल अशी भीती लोकांना वाटावी, इतका अविश्वास एका जुन्या लोकशाहीत साचला होता. त्या रात्रीची सगळी गोष्ट मला त्या पेन्सिलीत दिसते.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या जवळची. राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना, ब्रिटनमध्ये राहत असतील तर, या सार्वमतात मत होतं. भारतीय पासपोर्टवाल्यांनाही. १९३२ पासूनचं लंडनचं महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला आहे, ब्रेंट बरोमध्ये. त्या भागात दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला एखादा आयटीवाला मत द्यायला जाऊ शकत होता. त्याच्या शेजारी वीस वर्षं राहून कर भरणारा पोलिश सुतार जाऊ शकत नव्हता. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडले तर संघातल्या कुठल्याच देशाच्या नागरिकाला मत नव्हतं. अशी सुमारे तीस लाख माणसं ब्रिटनमध्ये राहत होती. ज्यांच्या भवितव्याचा फैसला होता, ती दिवसभर खिडकीतून रांगा बघत राहिली. ब्रिटिश तरुणांतही १६ आणि १७ वर्षांच्यांना मत नाकारलं गेलं होतं.

संध्याकाळी

लंडन आणि आग्नेय इंग्लंडला पावसाने झोडपलं. रस्ते तुंबले, काही मतदान केंद्रं ऐनवेळी हलवावी लागली, लोकल गाड्या रद्द झाल्या. कामावरून सुटलेली माणसं स्टेशनांत अडकली.

रात्री १०. उरले ६ तास ४० मिनिटं

मतदान संपलं. यूगव्ह या सर्वेक्षण संस्थेच्या त्या दिवशीच्या पाहणीत ‘रिमेन’ ५२, ‘लीव्ह’ ४८. युकिपचे नेते नायजेल फराज यांनीच, बहुधा ‘रिमेन’ थोडक्यात जिंकेल, असं सांगून टाकलं. पौंड दीड डॉलरवर चढला, त्या वर्षातला सर्वांत वरचा भाव. सगळं ठरल्यासारखंच होतं. सट्टेबाजांनीही निकाल धरून टाकला होता. कितीतरी माणसं निर्धास्त झोपायला गेली.

रात्री साडेअकरानंतर

पहिला निकाल जिब्राल्टरचा. ९६ टक्के ‘रिमेन’.

मध्यरात्र. उरले ४ तास ४० मिनिटं

न्यूकॅसल. ‘रिमेन’ पुढे, पण ५०.७ टक्के. तिथे मोठी आघाडी मिळेल असा अंदाज होता. स्टुडिओतल्या जाणकारांचे चेहरे इथे पहिल्यांदा बदलले.

१२ वाजून १६ मिनिटांच्या सुमाराला

संडरलँड.

या गावाला मतमोजणी लवकर उरकायचा अभिमान. मतपेट्या हातोहात पळवत आणतात, वेळेचा विक्रम करायचा म्हणून. त्या रात्री निकाल वाचला गेला: ‘लीव्ह’ ८२,३९४, ‘रिमेन’ ५१,९३०. सभागृहात एकच जल्लोष उठला. एका बाईला लोकांनी खांद्यावर उचललं, आणि तिचा तो आनंदाने ओरडतानाचा फोटो सकाळपर्यंत जगभर गेला.

पौंड त्याच क्षणी घसरायला लागला. लंडनमधले लोक आकड्यांकडे पाहून विचारत होते, हे लोक असं कसं करू शकतात? निसानचा मोटार कारखाना याच गावात आहे, तेव्हा सात हजारांच्या आसपास माणसं तिथे कामाला होती, आणि गाड्या जायच्या युरोपात. आपल्याच पोटावर पाय का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी संडरलँडचा इतिहास चाळायला हवा होता. इथल्या जहाजगोद्या १९८८ मध्ये बंद झाल्या. मंकवेअरमथची शेवटची खाण १९९३ मध्ये बंद झाली. तिच्या जागेवर आज फुटबॉलचं मैदान आहे. बापजाद्यांचं काम गेलं तेव्हा कुणी त्यांचं मत विचारलं नाही. ‘बाहेर पडलात तर तुमचं नुकसान होईल’ ही धमकी ज्याचं आधीच नुकसान झालंय त्याला किती भिववणार? मी त्यांच्या जागी असतो तर वेगळी फुली मारली असती, असं मला वाटतं. पण त्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही.

पहाटेपर्यंत

नकाशा दुभंगत गेला. लंडनच्या लँबेथमध्ये ७८.६ टक्के ‘रिमेन’, लिंकनशरच्या बॉस्टनमध्ये ७५.६ टक्के ‘लीव्ह’. स्कॉटलंडच्या ३२ पैकी ३२ भागांत ‘रिमेन’. वेल्सच्या ब्लायनाय ग्वेंटमध्ये ६२ टक्के ‘लीव्ह’. तिथल्या एब व्हेलचा पोलाद कारखाना २००२ मध्ये बंद पडला, आणि त्या ओसाड जागेच्या उभारणीत युरोपचा पैसा लागला होता. फलकांवर संघाचे बारा तारे दिसत होते. लोकांना हवी होती पक्की नोकरी, आणि ती कुठल्याच फलकावर नव्हती.

पहाटे ४. उरली ४० मिनिटं

काही तासांपूर्वी हार मानणारे फराज आता कॅमेऱ्यांसमोर स्वातंत्र्यदिनाची घोषणा करत होते. एक गोळीही न झाडता आपण जिंकलो, असं ते म्हणाले.

मतदानाच्या बरोबर आठवडाभर आधी, १६ जूनला, ‘रिमेन’चा प्रचार करणाऱ्या मजूर पक्षाच्या खासदार जो कॉक्स यांना यॉर्कशरमधल्या बर्स्टल गावात भररस्त्यात गोळ्या घालून, भोसकून मारण्यात आलं होतं. वय ४१, मागे दोन लहान मुलं. त्या पहाटे ते वाक्य ऐकून ज्यांचा संताप झाला, त्यांचा संताप रास्त होता. विजयाच्या भरात माणूस काय विसरतो, त्यावरून तो कसा आहे ते कळतं.

पहाटे ४:४०

बीबीसीवर डेव्हिड डिंबलबी यांनी जाहीर केलं: ब्रिटन बाहेर पडतोय. १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्क्यांनी दिलेला कौल उलटला होता.

मुंबईत तेव्हा सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. दलाल स्ट्रीटवरचे व्यवहार सव्वानऊला सुरू होतात. म्हणजे पाच मिनिटं. ज्यांनी रात्री झोपताना ‘रिमेन’चा हिशोब धरला होता, त्यांना सावरायला तेवढाच वेळ मिळाला. सेन्सेक्स दिवसात एक हजार अंशांहून जास्त कोसळला आणि ६०५ अंश खाली बंद झाला. जॅग्वार लँड रोव्हरची मालकी असलेल्या टाटा मोटर्सचा शेअर सुमारे आठ टक्क्यांनी पडला. पौंड १९८५ नंतरच्या नीचांकाला जाऊन पोचला.

सकाळी साडेसहाच्या सुमाराला

प्रचारभर ‘लीव्ह’ची एक लाल बस देशभर फिरली होती. तिच्यावर लिहिलं होतं की दर आठवड्याला संघाला जाणारे ३५ कोटी पौंड आरोग्यसेवेला देऊ. बस फराज यांच्या गटाची नव्हती, पण त्यांनी तिचा फायदा घेतला होता. टीव्हीवर विचारल्यावर ते म्हणाले, ती हमी देता येणार नाही, ते म्हणणं चुकीचंच होतं. निकाल लागून दोन तासही झाले नव्हते. त्या बसवर विश्वास ठेवून मत दिलेली कितीतरी माणसं अजून उठलीही नसतील.

सकाळी ७:२०

मँचेस्टरच्या टाउन हॉलमधून अंतिम आकडे: ‘लीव्ह’ १,७४,१०,७४२, ‘रिमेन’ १,६१,४१,२४१. मतदान ७२.२ टक्के, आदल्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत ते ६६ होतं. वर्षानुवर्षं मतदानाला न गेलेली माणसं या वेळी घराबाहेर पडली होती.

सव्वाआठच्या सुमाराला

कॅमेरन यांनी राजीनामा जाहीर केला. बाहेर पडायची वेळ आली तर काय, याची तयारी करायला त्यांच्या सरकारने प्रशासनाला मनाईच केली होती. पुढे संसदेच्या परराष्ट्र समितीने याला घोर निष्काळजीपणा म्हटलं. मीही तेच म्हणेन. प्रश्न विचारायचा आणि एका उत्तराची तयारीच करायची नाही, हा मतदारांचा अपमान आहे, त्यांनी कुठेही फुली मारलेली असो.

दिवसभर

पॅरिसमध्ये ल पेन यांनी स्वातंत्र्याचा विजय म्हणून स्वागत केलं, हॉलंडमध्ये युरोपविरोधी नेते खेर्ट विल्डर्स यांनी आपल्याकडेही सार्वमत मागितलं. लंडनमध्ये ‘लीव्ह’च्या प्रचाराचे नेते बोरिस जॉन्सन घराबाहेर आले तेव्हा जमावाने त्यांची हुर्यो उडवली. अठरा ते चोवीस वयोगटात दर चौघांतल्या जवळजवळ तिघांनी ‘रिमेन’ला मत दिलं होतं, पासष्टीपुढच्यांचा कौल उलटा होता, अनेक घरांत त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बोलणं झालं नाही. दुसऱ्या सार्वमताच्या अर्जावर सह्यांचा लोंढा आला आणि संसदेचं संकेतस्थळ बंद पडलं. सह्या पुढे चाळीस लाखांवर गेल्या. निकालानंतर ब्रिटनमधून गूगलवर ‘युरोपीय संघ म्हणजे काय’ हेही शोधलं गेलं, त्यावर जगभर हशा पिकला. मला त्यात हसू येत नाही. इतक्या वर्षांत ते कुणी नीट समजावून सांगितलं होतं?

रविवार, २६ जून

पश्चिम लंडनमध्ये हॅमरस्मिथला पोलिश लोकांचं सांस्कृतिक केंद्र आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बाजूने लढलेल्या आणि मग तिथेच राहिलेल्या पोलिश पिढीने ते उभं केलं. त्या सकाळी केंद्राच्या दर्शनी भागावर रंगाने शिवी लिहिलेली सापडली. ती पुसली गेली. नंतरच्या दिवसांत शेजारपाजारची ब्रिटिश माणसं तिथे फुलं आणि हाताने लिहिलेली पत्रं ठेवून गेली.