शिपायाची सही, कोर्टाचा कागद

वाशिम जिल्ह्यात लष्करी छावणी नाही. शेजारची जुनी छावणी हिंगोलीची, निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंटची; ते सैन्य १९०३ साली हिंदी लष्करात विलीन झालं. रिसोड-मालेगावचा पोरगा फौजेत गेला की मागे राहतो सातबारा, धुऱ्याचा वाद आणि कोर्टाच्या तारखा.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने त्यावर तोड काढली. आदेश २८ प्रमाणे रजा न मिळणारा जवान बापाला, भावाला किंवा कुणालाही दावा चालवण्याचा अधिकार लेखी देऊ शकतो. सही कमांडिंग ऑफिसरसमोर करायची, त्यावर साहेबांनी प्रतिस्वाक्षरी करायची, मग तो कागद कोर्टात दाखल होतो. आजचा नोटरी कायदा १९५२ चा. पलटणीतली ही सोय त्याआधी निदान ४४ वर्षांची.

१९२५ चा भारतीय वारसा कायदा आणखी पुढे गेला. प्रत्यक्ष युद्धात असलेल्या, १८ वर्षं पूर्ण झालेल्या सैनिकाने दोन साक्षीदारांदेखत तोंडी केलेलं मृत्युपत्रही ग्राह्य. सगळं स्वहस्ते लिहिलं असेल, तर सहीसुद्धा लागत नाही. मरणाच्या दारात उभ्या माणसाला कायद्याने अडवलं नाही, हे फार मोठं. मात्र जवान जिवंत राहिला, तर ही सवलत संपल्यावर महिनाभराने तोंडी मृत्युपत्र रद्द होतं.