युद्ध संपल्यानंतरचा अवतार

मंडळी, थोरल्या भावाच्या शाळेत धाकट्याला घातलं की पहिल्या दिवसापासून मास्तर एकच ऐकवतात: तुझा दादा असा नव्हता हो! 'द लेजंड ऑफ कोरा' या ॲनिमेशन मालिकेच्या वाट्याला नेमकं हेच आलं. तिचा दादा म्हणजे 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'. आज आपण या दोघांना शेजारी उभं करणार आहोत. पण नुसतं उजवं-डावं ठरवून उपयोग नाही. कोणती मालिका कशा परिस्थितीत घडली, हे आधी बघायला हवं.

'लास्ट एअरबेंडर' निकलोडियन वाहिनीवर 2005 ते 2008 या काळात आली. तीन खंड, 61 भाग. निर्माते मायकेल दांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनित्झ्को. कल्पना आपल्याला परकी नाही. जल, पृथ्वी, अग्नी, वायू या चार तत्त्वांवर हुकमत चालवणारी माणसं, आणि चारही तत्त्वं वश असलेला, जन्मोजन्मी परतणारा एक अवतार. (पाचवं महाभूत आकाश त्यांनी का वगळलं, असा प्रश्न आपल्याकडचा माणूस विचारणारच.) बारा वर्षांचा आंग शंभर वर्षं बर्फात गोठून राहतो आणि जागा होतो तेव्हा त्याचा अख्खा वायुसमाज अग्निराष्ट्राने संपवलेला असतो. त्याला युद्ध थांबवायचं आहे. ध्येय एक, शत्रू एक. कथा तीन खंडांची, हे आधीच मनाशी ठरलेलं होतं. त्यामुळे झुकोसारख्या शत्रूच्या राजपुत्राचं मन पालटायला लेखकांना पुरेसा अवकाश मिळाला.

'कोरा'ला हे भाग्य लाभलं नाही. 2012 साली ती आली तेव्हा मुळात 12 भागांची छोटी मालिका एवढाच करार होता. म्हणून पहिल्या खंडाचा शेवट घाईत गुंडाळलेला दिसतो. कोराची शक्ती जाते, पूर्वजन्मीचा आंग प्रकटतो, सगळं परत मिळतं. प्रेक्षक रागावले, त्यात गैर काही नाही. पण पुढे गोष्ट चालणार आहे हे लिहिणाऱ्यांना ठाऊकच नव्हतं, तर पेरणी कशाची करणार? पुढचे खंड वाढत गेले, एकूण चार खंड आणि 52 भाग झाले. 2014 च्या उन्हाळ्यात तर तिसरा खंड मध्येच टीव्हीवरून काढून इंटरनेटवर हलवला. चौथ्या खंडात पैसे कमी पडले, तेव्हा एक भाग जुन्या दृश्यांची जोडणी करून भागवला. या मालिकेत तुटकपणा आहे तो आहेच. पण त्यातला बराचसा कारखान्यातून आलेला आहे, कल्पनेतून नव्हे.

आता कल्पनेकडे येऊ. काळ सत्तर वर्षं पुढे सरकला आहे. रिपब्लिक सिटीत मोटारी आहेत, रेडिओ आहे. 1920 च्या सुमाराचं शांघाय आठवावं असं शहर. पहिल्या मालिकेचा प्रश्न होता, युद्ध कसं संपवायचं. दुसरीचा प्रश्न आहे, युद्ध संपल्यावर जे उभं राहिलं ते न्याय्य आहे का. आमच्या मते सगळ्या तुलनेची मेख इथे आहे. इथले शत्रू राज्य जिंकायला आलेले नाहीत, ते विचार घेऊन आलेले आहेत. पहिल्या खंडातला आमोन म्हणतो, शक्ती असलेले आणि नसलेले यांच्यात समता हवी. मग उघडकीला येतं की तो स्वतःच शक्तिधारी आहे, आणि त्याची चळवळ तिथेच कोसळते. आता बघा, माणूस खोटा निघाला म्हणून त्याचा प्रश्न खोटा ठरत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही हेच शिकवत आलो. मालिकेला हे कळत होतं असं म्हणायला मात्र थोडा आधार आहे. दुसऱ्या खंडात शहराला निवडून आलेला अध्यक्ष मिळालेला दिसतो, आणि तो शक्ती नसलेला माणूस आहे. एवढी मोठी राज्यक्रांती पडद्याआड उरकली, ही खंत.

दुसऱ्या खंडाबद्दल आमची तक्रार अधिक गंभीर आहे. पूर्वी समतोल म्हणजे चार तत्त्वांनी एकमेकांना सावरणं. इथे त्याचं रूपांतर रावा आणि वाटू, म्हणजे उजेड आणि अंधार, यांच्या झुंजीत झालं. तत्त्वज्ञान म्हणून ही घसरण आहे. मात्र पहिल्या अवताराची, वानची गोष्ट सांगणारे दोन भाग जुन्या काष्ठचित्रांच्या धर्तीवर रंगवलेत. ते कुणी चुकवू नयेत. याच खंडाच्या शेवटी कोराचं सगळ्या पूर्वजन्मांशी नातं तुटतं. चाहत्यांना ते जिव्हारी लागलं. इतकी वर्षं जिची तुलना पूर्वजाशी झाली, तिला पूर्वजच उरला नाही. मराठी कानाला 'कोरा' हे नाव तेव्हा वेगळंच ऐकू येतं, नाही का?

तिसऱ्या-चौथ्या खंडात मालिका सावरते, किंबहुना दादाच्या पुढे जाते. झाहीर हा राज्यसत्ताच नको म्हणणारा अराज्यवादी. तो पृथ्वीराज्याची राणी मारतो आणि स्वातंत्र्य जाहीर करतो. मागे उरते लूटमार. ती निस्तरायला येते कुविरा. ती सुव्यवस्था आणते आणि मग खाली उतरायला नकार देते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही साखळी ओळखीची वाटेल. झाहीरने दिलेल्या विषाने खचलेली कोरा मात्र तीन वर्षं पुरती सावरू शकत नाही. मुलांच्या वाहिनीवर नायिकेचा इतका लांबलेला, कंटाळवाणासुद्धा, बरं होण्याचा प्रवास दाखवायचा म्हणजे धाडसच. म्हातारी टोफ तिला बजावते, की शत्रूंचं म्हणणं सगळंच चूक नव्हतं, ते टोकाला गेले एवढंच.

शेवट ताडून पाहा. आंगला ओझाईला मारायचं नव्हतं, आणि ऐनवेळी सिंहकूर्माकडून त्याला शत्रूची शक्ती काढून घेण्याची विद्या मिळाली. वाट बाहेरून आली. कोराकडे अशी देणगी कुणी आणून देत नाही. कुविराच्याच शस्त्राचा मारा ती स्वतः पुढे होऊन अडवते, आणि मग तिला सांगते, तुझ्यात मला मी दिसते. कुविरा शरण येते ती त्यानंतर. आंगवर प्रेम करणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा एकदा शांतपणे पाहावा. मग प्रश्न घेऊ.