पाडव्याची सुट्टी आणि कमाटीबाग

२०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला, म्हणजे रविवारी आला आणि त्याला लागूनच सोमवारी रमजान ईदची सुट्टी होती. हा योग साधून पुण्याची लेक, जावई व नात शनिवारी रात्रीच बडोद्यास येऊन पोहोचली. रविवारचा दिवस गुढी, नैवेद्य आणि आप्तेष्टांच्या भेटीगाठी यांत गेला. सोमवारी मात्र भल्या सकाळी आम्ही सारे कमाटीबागेत गेलो. चैत्राचे ऊन आमच्याकडे नऊनंतर सोसवत नाही, त्यामुळे जे काही बागडायचे ते त्याआधीच. सोबत डब्यांत आंबेडाळ, पुऱ्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानातले खमण होते, थर्मासात पन्हे होते. खमण सोडले तर आमच्या आईनेही हाच बेत पितळी डब्यांतून याच बागेत नेलेला आम्हांस आठवतो.

सयाजीबाग हे तिचे कागदोपत्री नाव. पण बडोदेकर तिला कमाटीबागच म्हणतात. मधून विश्वामित्री वाहते. नदीत मगरी आहेत, त्यामुळे पुलावर मुलांचा हात धरणे हा वडीलधाऱ्यांचा पिढीजात उद्योग. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस याच नदीने शहरात हाहाकार केला होता. त्या दिवशी मात्र ती निमूटपणे काठाखाली पडून होती. कडुनिंबाला मोहोर आला होता. नमाज आटोपून नवे कपडे घातलेली मुले आपापल्या कुटुंबांसह हिरवळीवर येऊ लागली होती. शेजारच्या चादरीवरून शेवयांची वाटी आमच्याकडे आली, आमच्याकडून आंबेडाळ गेली.

प्रवेशद्वाराजवळचा काळा घोडा पाहून नातीने विचारले, ‘‘आजोबा, ही बाग या राजानेच बांधली ना?’’ आम्ही सवयीने ‘हो’ म्हणून मोकळे झालो. नोकरीत असताना बाहेरगावच्या पाहुण्यांनाही आम्ही हेच सांगत आलो होतो. मात्र घरी परतल्यावर सालांचा हिशेब मनात मांडला आणि आपण मुलीला अर्धेच उत्तर दिले, हे ध्यानात आले.

बाग लोकांसाठी खुली झाली ती १८७९ च्या जानेवारीत. सयाजीराव महाराजांचा जन्म १८६३ च्या मार्चमधला. म्हणजे त्या वेळी त्यांना सोळावे वर्ष चालू होते. नाशिककडच्या कवळाणे गावातून दत्तक येऊन त्यांना चार वर्षेही झाली नव्हती आणि त्यांचे शिक्षण चालू होते. राज्याची पूर्ण सूत्रे त्यांच्या हाती आली ती २८ डिसेंबर १८८१ रोजी. तोवर कारभार पाहत होते दिवाण राजा सर टी. माधवराव.

हे माधवराव मूळचे आपल्यासारखेच, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यातले. १८२८ साली कुंभकोणम्‌ येथे तंजावरी मराठी देशस्थ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्रावणकोरची दिवाणगिरी त्यांनी १८७२ पर्यंत सांभाळली, पुढे तुकोजीराव होळकरांच्या इंदुरात ते दिवाण होते आणि १८७५ साली त्यांना बडोद्यास आणण्यात आले. मल्हारराव महाराज नुकतेच पदच्युत झाले होते. ज्या राज्यात तोफाही सोन्याच्या घडवल्या गेल्या, त्याच राज्याचा खजिना विस्कटलेला होता. माधवरावांनी महसूल, न्यायखाते, पोलीस, शाळा यांची घडी बसवली. या रूक्ष कामांच्या ओघातच ही बागही झाली.

सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या आम्हांस यात काही विशेष वाटते. घडी बसवणाऱ्या कारभाऱ्याचे पहिले लक्ष करवसुलीवर असते; रयतेच्या विसाव्याचे स्थान यादीत शेवटी, बहुधा नसतेच. माधवरावांनी तरुण महाराजांपुढे १८८१ साली दिलेली व्याख्याने ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. रयतेचे सुख हेच राजाचे कर्तव्य, हा त्यांचा गाभा आहे. हा धडा पुस्तकात येण्यापूर्वीच दोन वर्षे विश्वामित्रीच्या काठावर हिरवळीच्या रूपाने उभा होता, असे म्हणता येईल.

याने महाराजांचे श्रेय उणे होत नाही. माधवराव १८८२ साली बडोदे सोडून गेले. बाग वाढवली, जपली ती सयाजीरावांनी. वस्तुसंग्रहालयाची इमारत बागेतच १८९४ साली पुरी झाली. शेजारच्या चित्रशाळेची चित्रे पहिल्या महायुद्धामुळे युरोपात अडकून पडली आणि ती चित्रशाळा अखेर १९२१ साली खुली झाली. फिरायला आलेल्या माणसाने जाता जाता देवमाशाचा सांगाडाही पाहावा आणि रंगचित्रेही, ही दृष्टी त्यांची. तो काळा घोडा १९०७ सालच्या रौप्यमहोत्सवाचा. इंग्रज शिल्पकार डरवेंट वुड यांनी घडवलेला. १९४९ साली संस्थान विलीन झाले; पुढे बागेची निगा महानगरपालिकेकडे आली.

तिरुवनंतपुरम्‌मध्ये माधवरावांचा पुतळा आहे आणि त्यावरून त्या चौकालाच ‘स्टॅच्यू’ म्हणतात. कमाटीबागेत आमच्या तीन पिढ्यांनी डबे सोडले, पण घरात त्यांचे नाव निघाल्याचे आम्हांस स्मरत नाही. आपली घराणीही अशीच कोणा ना कोणा दरबारच्या चाकरीसाठी इथे येऊन स्थिरावलेली. कारकून, मास्तर, ओव्हरसियर, वैद्य यांनी जे उभारले ते टिकले. नावे पुसली गेली. याचे दुःख करावे असे नाही, पण घरातल्या मुलांना ती सांगण्याचे काम तरी आपले आहे.

सोमवारी रात्री गाडीला निघण्यापूर्वी आम्ही नातीला जवळ बोलावून उत्तर दुरुस्त केले. तिने सारे नीट ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मग त्यांचा घोडा कुठे आहे?’’ त्यांचा घोडा नाही, असे आम्ही सांगितले. सकाळी आपण जिथे बसून जेवलो ती हिरवळ त्यांची. पुढच्या पाडव्याला आल्यावर आधी तिथेच बसायचे, असे तिने ठरवून टाकले आहे.