अर्ध्या तासाचे शरीरशास्त्र

जुलै १९५२, हेलसिंकी. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव जपानच्या शोहाची इशी यांच्याशी प्रदीर्घ झुंज देऊन पराभूत झाले आणि लगोलग सोव्हिएत मल्ल रशीद ममदबेयोव्ह यांच्यासमोर उभे केले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने देय होती. ती मागणारा एकही भारतीय अधिकारी तेथे नव्हता. ही कुस्तीही गेली. हाती आले ते कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

त्या काळी स्नायूंच्या थकव्याचे खापर लॅक्टिक आम्लावर फोडले जाई. हिल आणि मायरहॉफ यांना १९२२ चे नोबेल मिळाले ते स्नायूंतील उष्णता व लॅक्टिक आम्ल यांच्या अभ्यासासाठीच. पुढील संशोधनाने हे चित्र बदलले. तीव्र श्रमात फॉस्फोक्रिएटिन तुटते, असेंद्रिय फॉस्फेट साचते आणि आकुंचनाचे बल घटते. विश्रांती मिळताच फॉस्फोक्रिएटिनचा साठा काही मिनिटांत बव्हंशी भरून येतो. आम्लता ओसरण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. ग्लायकोजेन पूर्ववत होण्यास तर सुमारे एक दिवस.

म्हणजेच तो अर्धा तास केवळ औपचारिकता नव्हता. थकलेल्या स्नायूला पुन्हा बल देणारी रासायनिक प्रक्रिया त्याच अवधीत घडते, आणि खाशाबांना नाकारली गेली ती नेमकी तीच.